एकतीस किलो चारशे

तुळशीराम तरे यांना मी तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान वीस वर्षं मी त्यांना चालताना पाहिलेलं नाही. आमच्या घरांची भिंत एक, त्यामुळे सगळं दिसतं. घरातून गाडीत, गाडीतून गोदामाच्या ऑफिसात, ऑफिसातून परत गाडीत. आमच्या अंजूर गावात शेतं होती तोवर माणूस बांधावरून तरी हिंडत होता. शेतांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि तुळशीरामशेठचे पाय रिटायर झाले. देवळाच्या सात पायऱ्या चढताना ते दोनदा थांबायचे. मी खालून विचारायचो, "शेठ, देवालाच खाली बोलावू का?"

हा माणूस एकोणसाठाव्या वर्षी एकतीस किलो चारशे ग्रॅमचं पोतं पाठीवर घेऊन बावीस किलोमीटर चालला. वजन मीच केलं होतं. दापोड्याला एका गोदामाच्या गेटवर मी पार्सलचा काटा चालवतो, म्हणून गाव मला काट्या म्हणतो. आकड्यांची मी थट्टा करत नाही. बाकी सगळ्यांची करतो.

सुरुवात त्यांच्या बायकोपासून करायला हवी. कमळवहिनींची दापोडे नाक्यावर खानावळ होती. नवरा गोदामांचा मालक, तरी बाई पहाटे चार पातेली भात लावायची. ड्रायव्हर, हमाल, यूपीचे लोडर, सगळे तिथं जेवायचे. रविवारीसुद्धा बंद नाही. शेठ म्हणायचे, "लोकं हसतात मना, बायकोला राबवतो म्हनून." वहिनी म्हणायच्या, "हसू दे. हसून भूक लागंल, मग इथंच येतील."

त्यांची एक खोड होती. तांदळाचं पोतं उघडलं की पहिली मूठ बाहेर काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. ती कुणाची, ठरलेलं नसायचं. डोंगरपाड्यावरून मोळी विकायला आलेल्या बाईची असेल, वेड्याची असेल, कावळ्याची असेल. शेठची थोरली बहीण ठकुबाई, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते. या मुठीवरून नणंद-भावजयीचं तीस वर्षं वाजलं. "मुठीमुठीनं घर बाहेर घालवते," ठकुबाई म्हणायची. वहिनी उत्तर द्यायच्या नाहीत. मूठ काढायच्या.

दुसरी खोड मला माहीत आहे, कारण तिचा त्रास मलाच. मी जेवायला गेलो की काहीतरी लपवायचो. डाव, मिठाची बरणी, एकदा तर त्यांची चष्म्याची पेटी. वहिनी ओरडायच्या नाहीत, शोधायच्याही नाहीत. मी जेवून हात धुऊन यायचो, तोवर वस्तू आपल्या जागेवर असायची. कधी उचलली, कशी सापडली, मला कधीच कळलं नाही.

त्यांना पित्ताशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काढलेल्या गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी ठेवू का? शेठ गोंधळले. त्यांची मुलगी मनाली टेमघरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिनं आईला समजावून सांगितलं. वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "ठेवा की. परत देऊन मी काय कालवन करू त्याचं?" आणि सही केली. सहा महिन्यांनी त्या गेल्या. शेवटी वजन केलं तेव्हा एकतीस किलो चारशे ग्रॅम होतं. शेठनी तो आकडा मला इतक्यांदा सांगितला की मी तो विसरू शकत नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे होते, भरपूर होते, पण खाली एकही उतरेना. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं. शेठ म्हणाले, मनालीला काही कमी पडू देनार न्हाय. कावळे गप्प. मनाली म्हणाली, आई, बाबांच्या गोळ्या मी बघेन. कावळे गप्प. ठकुबाई म्हणाली, खानावल बंद करनार न्हाय. तरी गप्प. मीही पुढे होऊन म्हणालो, वहिनी, डाव लपवणार नाही. लोक हसले, पण दोन तास गेल्यावर कुणी हसेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि उरकलं.

परतताना ठकुबाईच्या ध्यानात आलं. रस्त्यातच थांबून ती म्हणाली, "शिवंल कसा? बाई पुरी जळलीच न्हाय. तिचा तुकडा तिकडं थंड पेटीत हाय."

त्या दिवसापासून गावात तेच. मी खोटं बोलणार नाही, ते पसरवण्यात माझाही हात होता. चहा पिताना सांगायला बरी गोष्ट होती. मनालीनं आत्याला समजवायला म्हणून चौकशी केली, आणि झालं उलटंच. कागदावर लिहिलेलं होतं, चाळीस ग्रॅम. आणि त्यातल्या पेशी बाटलीत ठेवून वाढवल्या जात होत्या.

"वाढवतात?" ठकुबाईनं विचारलं.

"हो आत्या. त्यांच्यावर औषधं तपासतात."

"म्हंजे ती वाढते हाय अजून?"

मनाली कागदाची घडी घालत बसली. भिंतीपलीकडून मी ते ऐकलं, आणि त्या दिवशी मी चहाला गेलो नाही.

ठकुबाईचं म्हणणं एकच. वर्षश्राद्धाच्या आत तो तुकडा परत आणा, अग्नी द्या, बाईला मोकळी करा. घरच्यांनी लेखी मागितलं तर उरलेला भाग परत मिळतो, तसा अर्जाचा नमुनाही होता. मनाली म्हणत होती, आईनं स्वतः दिलंय, मागायचं नाही. मधे शेठ. रोज सकाळी एकीचं पटायचं, संध्याकाळी दुसरीचं. अर्ज भरून, सही करून त्यांनी खिशात ठेवला, आणि एक दिवस जाहीर केलं, "मी जातो. पन चालत जातो. आनि कमळीला घेऊन जातो."

म्हणजे तिच्या वजनाचं पोतं. तांदळाचं. इथून थेट ठाण्यापलीकडे, तो तुकडा ठेवला होता त्या संशोधन केंद्रापर्यंत, बावीस किलोमीटर, एका दिवसात. त्या लोकांनी तिच्यासाठी केलं, तर रिकाम्या हातानं दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा हिशेब. मनालीनं ते ऐकून मोबाईलवर निधीचं पान काढलं: बाबा चालतील, दर किलोमीटरला तुम्ही काहीतरी द्या, सगळं कॅन्सरच्या संशोधनाला. खानावळीत जेवलेले ड्रायव्हर पार गुजरातेतून नावं नोंदवू लागले. मी शेठना म्हणालो, "एका खिशात देणगी, दुसऱ्या खिशात वसुली. तुमच्यासारखा जावई त्यांना मिळायचा नाही." शेठ हसले नाहीत. अर्ज देणार की नाही, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात सराव सुरू झाला. ओझं उचलायला शिकवलं आमच्या गोदामातल्या बुधानं. बुधा पाड्यावरचा, वीस वर्षं हमाली करतोय, मोजकं बोलतो. त्याचा पहिला नियम, ओझं जमिनीवर टेकवायचं नाही. थांबायचं तर कठडा बघ, ओटा बघ, त्यावर टेकव. जमिनीवरून पुन्हा उचलताना माणूस मोडतो.

शेठ लाजाळू. लोकांनी बघू नये म्हणून दुपारी दोनची वेळ निवडली. त्या वेळेला दापोड्याच्या गल्ल्या कधी बघितल्यात? दोन्ही बाजूंना निळे पत्रे, सरळ रेषेत, अर्धा-अर्धा किलोमीटर. जेवून माणसं आत झोपलेली, ट्रक उभे, कुत्रीसुद्धा चाकाखाली. ऊन लख्ख, आणि आवाज म्हणून काही नाही. त्यात हा एकटा माणूस पोतं घेऊन निघायचा आणि पत्र्यांमधून त्याचं बोलणं माझ्यापर्यंत यायचं.

होय, बोलायचे. "आज काय केलंस?" मग थांबायचे. बरंच थांबायचे. मग म्हणायचे, "कालचंच?" आणि बारीक हसायचे.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परत आल्यावर छेडलं, "काय शेठ, वहिनींना फिरवायला काढता?"

"हो," ते म्हणाले, जसं कुणी वेळ विचारल्यावर सांगावं तसं.

पोतं माझ्याच काट्याच्या खोलीत असायचं. निघताना वजन, आल्यावर वजन, अशी माझी पद्धत; माल बाहेर जाताना आणि आत येताना काट्यावर चढलाच पाहिजे. पहिल्या दिवशी निघताना ३१.४००. आल्यावर ३१.३६०. म्हटलं, गळलं असेल. पोतं उलटंपालटं केलं, भोक नाही. चाळीस ग्रॅम घालून पुन्हा पुरं केलं. दुसऱ्या दिवशी आल्यावर ३१.३६०. पोतं बदललं. ३१.३६०. प्लॅस्टिकची गोण आणली, तोंड सुतळीनं दोनदा आवळलं. ३१.३६०. काटा खराब म्हणावा तर त्याच काट्यावर दिवसभर शंभर पार्सलं चढत होती आणि पावत्या जुळत होत्या.

मी गंमत म्हणून हे नाक्यावर सांगितलं आणि ते संध्याकाळच्या आत ठकुबाईकडे पोचलं. ती माझ्या दारात आली. "किती कमी भरतं?"

"चाळीस ग्रॅम."

"कागदावर किती लिवलं हाय?"

तो आकडा तिला पाठ होता.

"बघ," ती म्हणाली. "रोज सांगते हाय ती. एवढी कमी हाय मी, एवढी आना."

खरं सांगतो, मला घाम फुटला, आणि मला घाम फुटला की मी काहीतरी टवाळपणा करतो. दुसऱ्या दिवशी वजन झालं, ३१.४००, शेठ पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मी सुतळी सोडून दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन तांदळात खुपसलं आणि परत बांधलं. म्हटलं, आता बघू कसं कमी भरतं ते.

तासाभरानं शेठ आले. पोतं काट्यावर ठेवलं. ३१.३६०.

ते निघून गेल्यावर मी पोतं ताडपत्रीवर ओतलं. वजन नव्हतं. तांदूळ चाळून बघितला. नव्हतं. मग माझं लक्ष टेबलावर गेलं. माझ्याकडे वजनांची लाकडी पेटी आहे, काटा तपासायला ठेवलेली, एकेका वजनाला एकेक खाच. दोनशेचं वजन त्याच्या खाचेत बसलेलं होतं. त्याच्या कडेला तांदळाचं एक शीत चिकटलेलं होतं, शिजलेलं.

तेव्हापासून मी त्या पोत्याला हात लावायचा असेल तर आधी "वहिनी" म्हणायचो. हसा.

डिसेंबरात शेठचं अंतर वाढलं. दहा किलोमीटर, बारा, चौदा. गुडघे वाजणं बंद झालं. एकदा फेरीवरून येताना त्यांना ताप चढला, म्हणून पोतं काट्यापर्यंत न्यायला मी बुधाला सांगितलं. बुधानं पाठीवर घेतलं, चार पावलं गेला, आणि हळूच ट्रकच्या फाळक्यावर टेकवून बाजूला झाला.

"काय झालं रे?"

"हे तांदूल न्हाय," तो म्हणाला. "तांदूल पाठीवर मेल्यासारखा पडतो, सगला भार खाली वढतो. मानूस घेतला पाठीवर तर तो धरून बसतो. हलका लागतो." तो स्वतःच्या खांद्याकडे बघत होता. "ह्यानं धरलं मना."

शेठ म्हणाले, "हो. मनापन धरते." आणि स्वतःच उचलून नेलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, जानेवारीत, पहाटे साडेपाचला ते निघाले. खाडीवरून धुकं आलेलं. मी उठलो आणि सवयीनं चहाच्या वासाची वाट बघू लागलो, तर वास नाही. आमच्या गल्लीत सत्तावीस घरं आहेत. एकाही घरात गॅस पेटला नव्हता. गल्लीतून मढं निघेपर्यंत चूल पेटवत नाहीत, तो आमचा रिवाज. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बाया दारात उभ्या होत्या, पोरं घरात कोंडलेली. शेठ पोतं घेऊन पुढे, आणि त्यांच्या मागे पुरुष आपोआप लागले, टोप्या काढून. मागून कुणी हाक मारली नाही. वेशीपर्यंत असे पोचवून सगळे मागे वळले, आणि वळल्यावर एकानंही परत मागे बघितलं नाही. मी स्कूटरवर होतो, मला पुढं जायचं होतं. गल्लीतून पहिली शिट्टी कुकरची ऐकू आली ती आम्ही वेस ओलांडल्यावर.

शेठबरोबर बुधा चालत होता. मागून मनालीच्या गाडीत ठकुबाई. खाडीचा पूल गेला, हायवे गेला. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, त्यातल्या दोघांनी थांबून नमस्कार केला, खानावळीची ओळख. पंधराव्या किलोमीटरला उजवा गुडघा अडकला. शेठ पुलाच्या कठड्यापर्यंत कसेबसे गेले आणि पोतं टेकवून उभे राहिले. चेहरा राखेसारखा.

मनाली उतरून आली. "बाबा, बस झालं. लोकांनी दिलंय, कुणी परत मागणार नाही."

गाडीतून ठकुबाई म्हणाली, "बस गाडीत तुलशा. अर्ज देयाचा तर चाकावरून देता येतो."

शेठनी पोत्यावर कान टेकवल्यासारखं डोकं ठेवलं. मग पाठ वळवली, खांदे खाली केले आणि म्हणाले, "धर नीट."

मनाली, बुधा आणि मी, तिघांनी बघितलं. पोतं बुधानं चढवलं नाही, मीही नाही. आता तुम्ही म्हणाल, कठडा उंच होता, शेठनी वाकून स्वतः ओढून घेतलं असेल. मीही तेच म्हणतो.

अडीच वाजता पोचलो. पाण्याची बाटली, टाळ्या वाजवणारे दहाबारा कर्मचारी, एक हार. भेटायला एक डॉक्टरबाई खाली आल्या होत्या, तिथं संशोधन करणाऱ्या. शेठनी हार गळ्यात घेतला आणि सरळ विचारलं, "तिचं काम चालू हाय?"

बाईंना आधी कळलं नाही. मनालीनं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हो, चालू आहे. तशा पेशी आमच्याकडे फार थोड्या आहेत. तुमच्या पत्नीच्या नीट वाढतात. तीन औषधांचं काम त्यांच्यावरच चाललंय."

"रविवारी?"

"पेशींना रविवार नसतो. आमच्यातलं कुणीतरी रोज येऊन त्यांना खायला घालतं."

शेठनी खिशात हात घातला. अर्ज बाहेर काढला, पण दिला नाही. हातात धरून उभे.

ठकुबाई पुढे झाली. तिनं मला फर्मावलं, "काट्या, वजन कर. बाईंना पन दिसू दे ती काय मागते ते."

तिथं आवकजावकच्या टेबलाशी पार्सलचा काटा होता. माझा नव्हता, हे लक्षात घ्या. पोतं ठेवलं. ३१.३६०.

ठकुबाईनं भावाकडे बघितलं.

पोतं तिथल्याच रुग्णांच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघराला द्यायचं ठरलं होतं. दोन माणसं पातेलं घेऊन आली, आम्ही पोतं काट्यावरून उतरवलं आणि मनालीनं सुतळी सोडली. आणि सोडल्या सोडल्या, विचार न करता, घरी आयुष्यभर बघितलेलं तसं, तिनं हात घालून पहिली मूठ बाहेर काढली. ठेवायला डबा नव्हता. जवळ सपाट म्हणून काटाच होता, त्यावर ठेवली.

काट्यावर आकडा आला. ०.०४०.

मनालीचा हात आईसारखा आहे, बारीक. मी आकड्याकडे बघत होतो, बुधा मुठीकडे, आणि ठकुबाई त्या हाताकडे. तिची मान हलायला लागली. तीस वर्षं भांडली होती ती त्या मुठीशी. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मागत न्हवती," ती फार हळू म्हणाली. "काढून ठेवत होती."

शेठनी अर्ज टेबलावर पसरला. काट्यावरची मूठ त्यावर ओतली. चारी बाजूंनी घडी घातली, सहीसकट, आणि पुडी करून ठकुबाईच्या हातात दिली. "कावल्यांना घाल," ते म्हणाले. त्यानंतर ते तिथल्या बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठू शकले नाहीत. मनालीच्या पानावर जमलेला निधी त्याच दिवशी केंद्राला गेला.

पुडीतले तांदूळ ठकुबाईनं आवारातच उधळले. एकही कावळा आला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध. घरामागे पान मांडलं: भात, वरण, वहिनींना आवडायचं ते सुकटीचं कालवण. भिंतीवर कावळे येऊन बसले. मी मोजले, अकरा. ओरडत नव्हते. एकाचंही तोंड पानाकडे नव्हतं. सगळे रस्त्याकडे बघत होते, ठाण्याच्या बाजूला, माणसं एखाद्याची वाट बघतात तसे.

तास झाला, सव्वा तास झाला. यंदा कुणी वचनं देत नव्हतं. भटजींनी दर्भ वळायला घेतला तेव्हा शेठनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. ती कामावर हाय."

भटजी माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे थट्टा मी करतो हे त्यांनाही माहीत. मी जमिनीकडे बघितलं.

ठकुबाई पानाशी वाकली, त्यावर ताट उपडं घातलं, माश्या बसू नयेत म्हणून. "जेवन गार होतंय," ती पुटपुटली. "सुटंल कवा?"

"सुटली की येल," शेठ म्हणाले, आणि रस्त्याच्या बाजूचं दार उघडं ठेवून आत गेले.